शिकवायला निघालात? आधी विद्यार्थी व्हा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले, ते शिकायला. त्यांच्या मागून आपल्या समाजातील जी मुले-मुली परदेशात गेली, तीही बहुतेक शिकायला किंवा नोकरीला गेली. आता मात्र काही तरुण कार्यकर्ते वेगळाच प्रश्न विचारतात. पदवी झालेली असते, इंग्रजी बरे असते, वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन-तीन वर्षे शिकवलेले असते. ते म्हणतात, "वर्षभर बाहेरच्या देशात स्वयंसेवक शिक्षक म्हणून जायचे आहे. काय तयारी करावी?"

इच्छा चांगली आहे. पण व्हिसा, तिकीट आणि गरम कपडे एवढ्यावर तयारी संपत नाही. नवख्या देशात, नवख्या मुलांसमोर उभे राहिल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे घडते, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून येथे आम्ही एकच देश उदाहरणादाखल घेतो, हंगेरी. कारण त्या देशाशी आपले नाते बाबासाहेबांच्या नावाने जोडले गेले आहे.

हंगेरीच का?

हंगेरीच्या ईशान्येला, मिश्कोल्ट्स शहराजवळ शायोकाझा नावाचे गाव आहे. हा जुना कोळसा खाणींचा पट्टा. खाणी बंद पडल्या, रोजगार गेला आणि त्याचा सर्वांत मोठा फटका रोमा वस्त्यांना बसला. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात शतकानुशतके 'जिप्सी' म्हणून हिणवले गेले तो समाज. देर्दाक टिबोर आणि स्वतः रोमा असलेले ओर्शोश यानोश या दोन कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे विचार वाचले, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या आणि विहारे पाहिली. २००७ साली त्यांनी जय भीम नेटवर्क उभे केले आणि शायोकाझात डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली.

शाळेची गरज का पडली, हे जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे. मध्य युरोपात रोमा मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून विशेष शाळांत टाकण्याची पद्धत जुनी आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३ साली 'होर्वाथ आणि किश विरुद्ध हंगेरी' या खटल्यात हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. त्याच सुमारास हंगेरीत सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ वर आणले गेले. सोळाव्या वर्षी शाळा सोडली की बहुतेकांच्या वाट्याला 'कोझमुंका' येते. ही आपल्या रोजगार हमीसारखी सरकारी कामाची योजना, पण मजुरी किमान वेतनापेक्षाही कमी. यातून बाहेर पडायचे असेल तर 'एरेत्शेगी' ही शालान्त परीक्षा पार करावी लागते. तिच्यात हंगेरियन, गणित, इतिहास आणि एक परकी भाषा हे विषय सक्तीचे, शिवाय एक विषय आवडीचा. इंग्रजी शिकवणारा स्वयंसेवक या परकी भाषेच्या पेपरसाठी उपयोगी पडतो. तुमच्या वर्गातील मुलीचे पुढचे शिक्षण या एका विषयावर अडू शकते, हे लक्षात ठेवूनच विमानात बसा.

निमंत्रण आधी, तिकीट नंतर

ज्या संस्थेत जायचे तिच्याकडून आधी लेखी स्पष्ट करून घ्या: राहण्याची सोय कोणाची, जेवणाचा खर्च कोणाचा, विमा कोण काढणार, आठवड्याला किती तास शिकवायचे, अडचण आल्यास कोणाला सांगायचे. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्याहून अधिक राहायचे तर निवास परवाना लागतो. पर्यटक म्हणून जाऊन तिथे शिकवू, असा विचार करू नका. कोणत्या व्हिसावर शिकवता येते ते दूतावासाला विचारून घ्या. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवा, म्हणजे मन मारून कुठे अडकून पडावे लागणार नाही.

शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि जूनच्या मध्यावर संपते. शक्य असेल तर पूर्ण वर्षासाठी जा. तीनच महिने हातात असतील तर मार्चनंतर जा. लेखी परीक्षा मे महिन्यात आणि तोंडी जूनमध्ये असते. तोंडी परीक्षेत ओळखीचे बोलणे, दिलेल्या प्रसंगातला संवाद, चित्रे पाहून विषय मांडणे असे भाग असतात. त्यांचा रोज सराव करून घेणारा माणूस मुलांना तेव्हा हवा असतो.

पहिला महिना: भाषा

हंगेरियन युरोपातल्या बहुतेक भाषांपेक्षा वेगळ्या कुळातली आहे. रोमन लिपीतला एस हा 'श' वाचला जातो आणि एस-झेड मिळून 'स' होतो. म्हणून राजधानी बुडापेश्त. आडनाव आधी, नाव नंतर. मुले शिक्षकाला 'तानार उर' आणि शिक्षिकेला 'तानारनो' म्हणतात. भेटताना 'सिया' आणि निरोप घेतानाही 'सिया'. लहान मुले मोठ्यांना 'चोकोलोम' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'मी चुंबन घेतो' म्हणजे हाताचे, पण तो आपल्याकडच्या वाकून केलेल्या नमस्कारासारखा आदराचा शब्द आहे. गोंधळून जाऊ नका.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी चटकन कळतात. आपण 'घरात' म्हणतो तेव्हा 'घर'ला प्रत्यय जोडतो. हंगेरियनमध्येही 'हाझ' म्हणजे घर आणि 'हाझबान' म्हणजे घरात. इंग्रजीत मात्र तो शब्द आधी येतो, म्हणून मुले तिथे अडखळतात. 'मला एक भाऊ आहे' ही रचना त्यांच्याकडेही आपल्यासारखीच आहे, त्यामुळे इंग्रजीतले 'हॅव' त्यांना आपल्याइतकेच परके वाटते. उलट त्यांच्या भाषेत तो, ती, ते असा भेदच नाही. मुलगा आईबद्दल बोलताना इंग्रजीत 'ही' म्हणाला तर हसू नका. आपण इंग्रजी कसे शिकलो, कुठे लाज वाटली, हे आठवा. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा शिक्षकापाशी ही आठवण नसते. तुमच्याकडे आहे, ती वापरा.

एक छोटी सूचना. तिथे गुण १ ते ५ असतात आणि ५ सर्वांत चांगला. वहीवर कौतुकाने '१' लिहिलात तर मुलाला तुम्ही नापास केलेले असेल.

"तुम्ही मूळचे भारतातले ना?"

रोमा समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', कानाला 'कान' म्हणतात. आपल्याला हे ऐकून आनंद होतो आणि पहिल्याच दिवशी वर्गात सांगावेसे वाटते, "अरे, आपण भाऊ-भाऊ!"

थोडे थांबा. हंगेरीतल्या बहुसंख्य रोमांची मातृभाषा आज हंगेरियनच आहे, त्यामुळे तुमच्या 'पानी'ला वर्गातून कदाचित उत्तरच येणार नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. तिथले वर्णद्वेषी लोक रोमांना "भारतात परत जा" असे हिणवतात. ज्या मुलीच्या कितीतरी पिढ्या त्या मातीत जन्मल्या आणि मेल्या, तिने हे रस्त्यावर ऐकलेले असते. तेच वाक्य तुम्ही प्रेमाने उच्चारले तरी तिच्या कानाला ते कसे लागेल? नाते सांगायचेच असेल तर ते आधी सोसलेल्या अन्यायाचे आणि लढ्याचे सांगा. रक्ताचे नंतर, तेही त्यांनी विचारले तर. 'त्सिगानी' हा शब्द काही जण स्वतःसाठी अभिमानाने वापरतात, काहींना तो शिवी वाटतो. पाहुण्याने 'रोमा' म्हणावे.

त्यांचा इतिहास वाचून जा. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊ छावणीत हजारो रोमांना मारले गेले. २००८-०९ मध्ये हंगेरीत रोमा घरांवर ठरवून हल्ले झाले आणि एका लहान मुलासह सहा जणांचे बळी गेले. खैरलांजी काय होती हे आपण कोणालाही तोंडी लावण्यापुरते सांगत नाही. त्यांचेही तसेच आहे. ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन आणि त्यानंतर सहाच दिवसांनी आपली १४ एप्रिल. आपली जयंती करण्याआधी त्यांच्या दिवसाला हजर राहा.

घरी बोलावले तर

रोमा घरात पाहुण्यापुढे कडक काळी कॉफी येते. ती प्या. हे साधे वाटेल, पण तिथे रोमांच्या घरचे खाणे-पिणे टाळणारे लोक आजही आहेत, आणि घरातल्या बाईचे लक्ष तुमच्या कपाकडे असते. पाण्याचा अर्थ काय असतो, हे महाडच्या लेकरांना कोणी शिकवावे? तुम्ही शाकाहारी असाल तर तसे मोकळेपणाने सांगा, कारण जेवणात डुकराचे मांस आणि चरबी सर्रास असते. पण "मला काहीच नको" म्हणून उठू नका.

विद्यार्थी गैरहजर राहिला तर लगेच त्याला बेजबाबदार ठरवू नका. थंडीत सरपण आणणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, बसभाड्याला पैसे नसणे, ही कारणे आपल्या वस्तीतल्या मुलांचीही होती. उशिरा शाळेत परतलेल्यांत तुमच्याच वयाचे तरुण असतील, लेकुरवाळ्या मुलीही असतील. त्यांच्याशी बरोबरीने बोला.

आणि मोबाईल खिशात ठेवा. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो टाकणे युरोपात कायद्यानेही चूक आहे. त्याहून मोठा प्रश्न आपल्या मनाचा आहे. आपल्या वस्तीत येऊन, आपल्या गरिबीचे फोटो काढून, कळवळ्याचे चार शब्द लिहून निघून गेलेले सुधारक आपण पाहिले आहेत. आपल्याला त्यांचा राग येतो. मग परदेशात गेल्यावर आपण तेच करायचे का?

डिसेंबर

पहिले काही आठवडे उत्साहात जातात. खरी परीक्षा डिसेंबरात होते. दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, पारा शून्याखाली जातो, आजूबाजूचे बोलणे निम्मेच कळते आणि वर्गात आपण उपयोगी पडतोय की नाही याची शंका येते. असे वाटणे म्हणजे अपयश नव्हे. घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात भारतीय वेळ साडेचार तास पुढे असते, म्हणजे तुमच्या संध्याकाळी आई झोपलेली असेल. सकाळची आनापानसती चुकवू नका. आणि शाळेतला एक अनुभवी शिक्षक निवडून त्याच्या वर्गात मागे बसत जा. नवा भिक्खू किमान पाच वर्षे ज्येष्ठांच्या निस्सयात, म्हणजे त्यांच्या आधाराने राहतो, हा विनयाचा नियम आहे. आपल्याला निदान पाच महिने तसे राहायला कमीपणा का वाटावा?

पुण्ण आणि आपण

सूनापरांताला निघालेल्या पुण्ण स्थविरांची कथा आपण विहारात ऐकतो. तिथले लोक शिव्या देतील, मारतील, तर काय करशील, असे तथागतांनी विचारले आणि पुण्णाने प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिले. हा सूनापरांत म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा परिसर, असे अनेक अभ्यासक मानतात. पण एक गोष्ट आपण विसरतो. परंपरेनुसार पुण्ण त्याच प्रदेशातला होता. तिथली माणसे, भाषा, राग-लोभ त्याला ठाऊक होते. तरीही निघण्याआधी तो गुरूसमोर बसला आणि त्याने आपली तयारी तपासून घेतली. आपण तर अनोळखी देशात निघालो आहोत.

सिगालोवाद सुत्तात शिक्षकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नीट वळण लावणे, नीट समजावणे, येते ते सगळे देणे, शिष्याबद्दल चारचौघांत चांगले बोलणे आणि त्याला सर्व दिशांनी सुरक्षित करणे. शेवटचे कर्तव्य स्वयंसेवकाने विशेष ध्यानात ठेवावे. अनेक शिक्षक आले आणि गेले, हे या मुलांनी पाहिलेले असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपण कधी जाणार ती तारीख सांगा. "मी कायम तुमच्याबरोबर आहे" असे म्हणू नका. कोणाला काय येते, कोण कुठे अडतो, याची वही रोज लिहा आणि जाताना ती पुढच्या शिक्षकाच्या हाती द्या. तुम्ही गेल्यावरही जूनच्या परीक्षेला त्या मुलीचा सराव थांबला नाही, तर तुमचे वर्ष कारणी लागले असे समजा.

परत आलात की विहारात सत्काराच्या शालीआधी आम्हाला एवढेच सांगा: तिथे तुम्ही काय शिकलात?

जय भीम! नमो बुद्धाय!