भाषेची घडण (लेखांक ७) : न उच्चारलेले कर्ता-कर्म

गेल्या आठवड्यात वाक्यातल्या शब्दांचा क्रम पाहिला. आज वाक्यात नसलेल्या शब्दांकडे वळू.

श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीहून राजपुरी खाडी ओलांडून आगरदांड्याला फेरीबोट जाते. तिथल्या जेटीवर असा संवाद सहज कानी पडावा :

“सुटली का?”
“नाही, आत्ताच लागतेय.”
“काढलंस?”
“काढलं. दोघांचं.”

बोट, तिकीट, मी, तू यांपैकी एकही शब्द इथे नाही, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. अशा गृहीत पदांना व्याकरणात ‘अध्याहृत’ म्हणतात.

‘सुटली’ एवढंच सांगतं, की कर्ता स्त्रीलिंगी एकवचनी किंवा नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे. ती बोट, हे जेटी सांगते. हाच प्रश्न बसस्थानकावर विचारला, तर ती एसटी होईल. प्रत्यय शक्यता कमी करतो आणि उरलेल्यांतली एक प्रसंग निवडतो.

‘काढलंस’मध्ये त्याहून जास्त माहिती आहे. भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्मामागे जातं : तिकीट काढलं, पावती काढली, पास काढले. म्हणून ‘लं’वरून कर्म नपुंसकलिंगी एकवचनी असल्याचं कळतं आणि शेवटच्या ‘स’वरून कर्ता ‘तू’ असल्याचं. वडीलधाऱ्यांना विचारताना तेच ‘काढलंत?’ होतं. कर्ता आणि कर्म, दोघांच्याही खुणा एकाच क्रियापदावर!

उत्तरातल्या ‘काढलं’वर मात्र कर्त्याची खूण नाही. मी, आम्ही, त्याने, तिने, कुणीही काढलेलं असू शकतं. प्रश्न ‘तू’ला होता, म्हणून उत्तर ‘मी’चं मानलं जातं. तिकीट बहिणीने काढलं असेल, तर ‘ताईने काढलं’ असं म्हणावंच लागतं. प्रत्यय गप्प आणि प्रसंग भलतीकडे नेणारा असला, की शब्द उच्चारावा लागतो.

हंगेरियन ही उरालिक कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. तिथेही हीच सोय आहे, पण खुणा वेगळ्या. ‘लातोक’ म्हणजे मला काहीतरी दिसतं. ‘लातोम’ म्हणजे ते ठरावीक, आपल्याला माहीत असलेलं दिसतं. ‘लातलॉक’ म्हणजे तू मला दिसतोस किंवा दिसतेस. या तिन्हींत ‘मी’ प्रत्ययातच आहे आणि शेवटच्यात ‘तू’ही. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे क्रियापद वस्तूचं लिंग सांगत नाही. कर्म ठरावीक आहे की नाही, हे मात्र सांगतं. ‘लातोम’मधली वस्तू कोणती, हे आधीच्या बोलण्यावरून कळतं.

मग सर्वनाम कधी उच्चारायचं? ‘मी काढलं’ यातला ‘मी’ जोर देऊन म्हटला, तर ‘दुसऱ्या कुणी नव्हे’ असा अर्थ येतो. हंगेरियनमध्येही ‘एन’, म्हणजे ‘मी’, मुद्दाम म्हटलं की असाच भेद सुचतो. म्हणून प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मी’ने करणारं मराठी कानाला खटकतं.

‘पूर्ण वाक्यात उत्तर दे’ असं मुलांना सांगताना हे लक्षात ठेवायला हवं. लेखनाच्या सरावासाठी ते ठीक. पण ‘काढलं’ हे तोडकं वाक्य नव्हे. मुलाने लिंग, वचन आणि समोरच्याला ठाऊक असलेली माहिती, तिन्ही अचूक जोखल्यावरच ते तोंडातून निघतं. अमराठी माणसाला मराठी शिकवतानाही सर्वनामांची यादी पाठ करून घेण्याआधी हे प्रत्यय कानावर घालावेत.

पुढच्या आठवड्यात : ‘उजाडलं’, ‘सांजावलं’ यांसारखी क्रियापदं. यांना कर्ता असतो का?