एक वस्तू, दोन नोंदी : विन्यासकोशातील द्विरुक्त व संदिग्ध नोंदींची संगती

मोठ्या संस्थेच्या ताब्यातील संगणकीय साधने, त्यांवर चालणाऱ्या प्रणाली आणि या सर्वांचे परस्परसंबंध यांची नोंद ज्या कोशात एकत्र ठेवली जाते, त्यास ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस’ असे म्हणतात. व्यवहारात ‘सीएमडीबी’ हे त्याचे आद्याक्षरी नाव रूढ आहे. प्रस्तुत लेखात आपण त्यास ‘विन्यासकोश’ म्हणू. ब्रिटिश सरकारच्या मध्यवर्ती संगणक व दूरसंचार अभिकरणाने १९८९ पासून ‘आयटीआयएल’ ही ग्रंथमाला प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या कोशाची कल्पना सर्वत्र परिचित होण्यास ती मुख्यतः कारणीभूत झाली. कचेरीतील जडवस्तुसंग्रह नोंदवही आणि विन्यासकोश यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नोंदवहीत कोणती वस्तू किती किमतीस घेतली व कोठे ठेवली एवढेच असते. कोशात त्याखेरीज, कोणती सेवा कोणत्या यंत्रावर अवलंबून आहे आणि ते यंत्र बंद पडल्यास काय काय बंद पडेल, हेही पाहावयास मिळते.

हा कोश एका हाताने भरला जात नाही. खरेदीविभाग आपली यादी पाठवितो. जाळ्याचे सर्वेक्षण करणारी साधने आढळतील तेवढी यंत्रे टिपतात. प्रत्येक यंत्रावर बसविलेला व्यवस्थापन-प्रोग्राम स्वतःची माहिती स्वतः कळवितो. तीन मार्गांनी आलेली ही माहिती एकाच वस्तूविषयी आहे की निरनिराळ्या, हे ठरविणे म्हणजेच नोंदींची संगती लावणे होय. या कामामागील तत्त्वांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे गांभीर्य

यादीतील एखाद-दुसरी चूक ही केवळ कारकुनी बाब आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो किती घातक ठरू शकतो हे अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती-संस्थेच्या उदाहरणावरून दिसते. ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर दोष ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाला व दुसऱ्याच दिवशी अमेरिकन शासनाच्या संगणक-सुरक्षा विभागाने इशारा दिला. संस्थेने तो इशारा आपल्या कर्मचाऱ्यांकडे पाठविला आणि शोधही घेतला. तथापि ग्राहकांच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या एका प्रणालीत हे सॉफ्टवेअर वापरात होते, ही गोष्ट त्या शोधात निष्पन्न झाली नाही. त्याच वाटेने मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लक्ष व्यक्तींची माहिती चोरीस गेली. संस्थेपाशी आपल्या संगणकीय साधनांची सर्वंकष सूची नव्हती, असा निष्कर्ष सिनेटच्या उपसमितीने २०१९ साली नोंदविला. या आपत्तीची कारणे अनेक होती व केवळ सूचीच्या अभावाने ती ओढवली असे म्हणता येणार नाही. परंतु दोष जाहीर झाल्यावर पहिला प्रश्न ‘हे आपल्याकडे कोठे कोठे आहे?’ असाच असतो, आणि त्याचे उत्तर यादीवाचून देता येत नाही.

२. दोन दोष, पण समान नव्हेत

संगती लावताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली द्विरुक्तीची : वस्तू एक, नोंदी दोन. दुसरी चुकीच्या विलीनीकरणाची : वस्तू दोन, नोंद एक. गणिताच्या दृष्टीने या एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या दिसल्या तरी परिणामांच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे.

द्विरुक्तीमुळे यंत्रांची संख्या फुगते, परवान्यांचे शुल्क अधिक भरावे लागते, आणि दुरुस्तीचा इतिहास दोन ठिकाणी विखुरला जातो. हे नुकसान खरेच. पण ते दृष्टीस पडते. दोन्ही नोंदी समोर असतात व कोणीतरी केव्हातरी विचारतो की, हे यंत्र दोनदा कसे आले? चुकीच्या विलीनीकरणात मात्र एक वस्तू यादीतून नाहीशी होते. जे यंत्र यादीत नाही त्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही, त्याला दुरुस्ती पोहोचत नाही, आणि त्याची अनुपस्थिती दाखविणारी खूणही उरत नाही.

समजा, ‘लेखा-०३’ नावाचा एक जुना सर्व्हर निवृत्त करून त्याच्या जागी नवा बसविला व त्यास तेच नाव आणि तोच आयपी ॲड्रेस दिला. जुने यंत्र, ‘लागलेच तर असावे’ म्हणून, दुसऱ्या तात्पुरत्या पत्त्यावर चालू ठेवले. कोशाचा नियम नावावरून ओळख पटविण्याचा असेल, तर नव्या यंत्राची माहिती जुन्याच्या नोंदीवर चढेल. जुने यंत्र सर्वेक्षणात पुन्हा दिसले आणि त्यानेही आपले नाव ‘लेखा-०३’ असेच सांगितले, तर त्याची माहिती त्याच नोंदीवर लिहिली जाईल. नोंद आज एका यंत्राचे वर्णन करील, उद्या दुसऱ्याचे. नव्या यंत्रावर दुरुस्ती झाली की नोंदीवर ‘दुरुस्त’ असा शेरा पडेल, आणि जुने यंत्र दोषासह चालूच राहील.

यावरून संगतीचे मूलतत्त्व निघते ते असे : शंका असेल तेथे नोंदी पृथक् ठेवाव्यात.

३. ओळखचिन्हांची पारख

ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या तर नाव, लेखक व वर्गांक ही सर्व एकच असतात. प्रतींचा भेद दाखवितो तो दाखल क्रमांक. यंत्रांच्या बाबतीत असा क्रमांक कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

निर्मात्याचा सीरियल नंबर हे त्यांतल्या त्यात भरवशाचे चिन्ह होय. परंतु काही यंत्रांत तो भरलेलाच नसतो आणि त्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा नुसती शून्ये आढळतात. असे शब्द क्रमांक समजून जुळविले तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली शेकडो यंत्रे एकाच नोंदीत कोंबली जातात. म्हणून असल्या मूल्यांची यादी करून ती ‘रिकामी’ समजावीत.

मॅक ॲड्रेस हा ४८ बिटांचा असतो, पण तो यंत्राचा नसून जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा असतो. टेबलावरील डॉकिंग स्टेशनला आज एक लॅपटॉप जोडला व उद्या दुसरा, तर दोन्ही लॅपटॉप एकच पत्ता दाखवू शकतात. आयपी ॲड्रेस तर बहुधा काही मुदतीपुरता उसना दिलेला असतो.

१२८ बिटांचा यूयूआयडी हा जगात अद्वितीय असावा अशी अपेक्षा असते. पण व्हर्च्युअल मशीनची प्रत काढताना तो जसाच्या तसा उतरला, तर दोन यंत्रांची ओळख एक होते. याच्या उलटही घडते. यंत्राच्या मूलभूत माहितीच्या प्रमाणकात या क्रमांकाच्या पहिल्या तीन भागांतील बाइट उलट क्रमाने साठविले जातात. काही साधने ते सुलट करून दाखवितात, काही दाखवीत नाहीत. परिणामी एकच क्रमांक दोन साधनांतून दोन भिन्न रूपांत येतो व द्विरुक्ती निर्माण होते.

नावाची कथाही अशीच आहे. एक साधन केवळ नाव देते, दुसरे संस्थेच्या क्षेत्रनामासह पूर्ण नाव. एकात अक्षरे मोठ्या लिपीत, दुसऱ्यात लहान. विंडोजमधील जुन्या नेटबायोस पद्धतीत नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. त्यामुळे पहिली १५ अक्षरे समान असलेली दोन लांब नावे छाटली जाऊन एकच होतात. तेव्हा जुळणी करण्यापूर्वी प्रत्येक चिन्ह प्रमाणरूपात आणणे ही संगतीची पहिली पायरी होय.

४. पद आणि पदाधिकारी

येथवर विचारात घेतलेल्या अडचणींपैकी पुष्कळशा एका वैचारिक गोंधळातून उद्भवतात. ‘तहसीलदार’ हे पद आहे. त्या पदावरील व्यक्ती बदलते, पद राहते. पत्रव्यवहार पदाच्या नावे होतो, सेवापुस्तक मात्र व्यक्तीचे असते. दोहोंसाठी एकच पुस्तक ठेवले तर एकाच्या रजा दुसऱ्याच्या नावे लागतील.

सर्व्हरचे नाव हे पद होय. सीरियल नंबर धारण करणारे यंत्र हा पदाधिकारी. सेवा, जबाबदार विभाग व संरक्षणाची पातळी ही पदाशी निगडित असतात. खरेदी, हमी व हार्डवेअरची दुरुस्ती यंत्राशी. कोशात यांच्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवून त्या ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशा संबंधाने जोडल्या, तर वर दिलेल्या उदाहरणातील पेच बराचसा सुटतो. ‘लेखा-०३’ हे पद एकच राहते, त्याखाली एकामागून एक दोन यंत्रे येतात, आणि जुने यंत्र पदमुक्त झाले तरी यादीतून जात नाही. मदरबोर्ड बदलल्यामुळे सीरियल नंबर बदलला, तरी पदाची नोंद अबाधित राहून प्रश्न केवळ यंत्राच्या नोंदीपुरता उरतो.

५. होय, नाही आणि संशयित

नोंदी जुळविण्याचे शास्त्र संगणक-व्यवस्थापनाहून जुने आहे. १९४६ साली अमेरिकेतील हॅल्बर्ट डन यांनी माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या नोंदी एकत्र जोडण्याची कल्पना मांडली. कॅनडात न्यूकम व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाह व जन्म यांच्या नोंदी संगणकाने जुळवून १९५९ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. पुढे १९६९ मध्ये कॅनडाच्याच सांख्यिकी विभागातील फेलेगी व सुंटर यांनी या पद्धतीस गणिती अधिष्ठान दिले.

त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा असा की, प्रत्येक चिन्हाच्या जुळणीस वजन द्यावे. नोंदी खरोखर एकाच वस्तूच्या असतील तर ते चिन्ह जुळण्याची संभाव्यता किती, आणि त्या भिन्न वस्तूंच्या असूनही ते योगायोगाने जुळण्याची संभाव्यता किती, या दोहोंच्या गुणोत्तरावरून हे वजन ठरते. संस्थेतील निम्म्या यंत्रांवर एकच कार्यप्रणाली असेल, तर ती जुळल्याने पुराव्यात फारशी भर पडत नाही. दुर्मिळ मूल्य जुळले तर पुष्कळ पडते. मात्र ही वजने एकत्र करताना चिन्हे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. सर्वेक्षण-साधनाने आयपी ॲड्रेसवरूनच नाव शोधून काढले असेल, तर नाव व पत्ता हे दोन पुरावे नव्हेत. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा मोजल्यासारखे ते होईल.

या सिद्धान्तात निर्णय दोन नसून तीन आहेत : जुळते, जुळत नाही, आणि संशयित. हा तिसरा वर्ग म्हणजे पद्धतीचा दुबळेपणा नव्हे. पुरावा अपुरा असता निर्णय लादण्यापेक्षा तो माणसापुढे ठेवावा, ही त्यामागील भूमिका आहे. कोशाची स्वयंचलित साधने बसविताना हा वर्ग पुष्कळदा गाळला जातो, कारण संशयितांची रांग कोणास नको असते. रांग नाहीशी होते, पण संशय नाहीसा होत नाही. तो चुकीच्या विलीनीकरणाच्या रूपाने कोशात शिरतो.

प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडून पाहणे मात्र व्यवहार्य नाही. १०,००० नोंदींच्या ४,९९,९५,००० जोड्या होतात. त्याच नोंदी निर्माता किंवा ठिकाण यांसारख्या एखाद्या गुणावरून शंभर-शंभरांच्या १०० गटांत विभागल्या तर जोड्या ४,९५,००० उरतात. परंतु गट ज्या गुणावरून पाडला तोच चुकीचा नोंदला असेल, तर खरी जोडी कधीच समोरासमोर येत नाही. म्हणून दोन भिन्न गुणांवरून दोनदा गट पाडणे हितावह ठरते.

६. विलीनीकरणाची रीत

दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत असे ठरल्यावर कोणती माहिती ठेवावी? ‘जी शेवटी आली ती’ हा सोपा नियम धोक्याचा आहे; अखेरचे बोलणारा अधिक जाणता असतोच असे नाही. प्रत्येक रकान्यासाठी अधिकारी स्रोत आधी ठरवावा : किंमत व हमी खरेदीविभागाकडून, कार्यप्रणालीची आवृत्ती यंत्रावरील प्रोग्रामकडून, पत्ता जाळ्याच्या सर्वेक्षणाकडून. रिकाम्या मूल्याने भरलेले मूल्य पुसले जाऊ नये. एखादा स्रोत दीर्घकाळ मौन राहिला, तर त्याचा अधिकार किती दिवस मानावयाचा हेही ठरलेले असावे.

त्याहून महत्त्वाची बाब संबंधांची. काढून टाकावयाच्या नोंदीवर कोणत्या सेवा अवलंबून दाखविल्या आहेत ते पाहून ते सर्व संबंध राहणाऱ्या नोंदीकडे वळवावे लागतात. एरवी यंत्र राहते आणि त्याचे महत्त्व पुसले जाते. शिवाय गेलेल्या नोंदीचा क्रमांक नष्ट न करता राहणाऱ्या नोंदीचे पर्यायी नाव म्हणून जपावा, कारण जुन्या तक्रारी व आदेश त्याच क्रमांकाने लिहिलेले असतात. कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्यावर विलीनीकरण केले याची टीप राहिली, म्हणजे चूक उघडकीस आल्यावर नोंदी पुन्हा विलग करता येतात.

७. उपसंहार

क्लाउडमधील यंत्रे आज काही मिनिटांपुरतीही जन्मास येतात. अशा ठिकाणी ओळख मागाहून शोधण्यापेक्षा निर्मितीच्या क्षणीच एक क्रमांक देणे हाच खरा उपाय होय. पण जेथे जुनी व नवी यंत्रे एकत्र नांदतात तेथे संगतीचे काम संपत नाही. कोशातील एकूण नोंदींच्या संख्येवरून त्याची योग्यता अजमावता येत नाही. तो तपासू इच्छिणाऱ्याने दोनच गोष्टी विचाराव्यात : संशयित नोंदींची यादी कोठे आहे, आणि ती पाहण्याचे काम कोणाकडे सोपविले आहे? ज्या कोशात अशी यादीच नाही, तेथे संशय उरले नाहीत असे मानण्यापेक्षा ते कोणत्या तरी नोंदीखाली दडले आहेत असे मानून शोधास लागणे अधिक सुरक्षित होय.