रेंज फुल, तरी आवाज तुटतो: फोनमधल्या रेडिओंचं घरातलं भांडण

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. इअरफोन घरी विसरलात, किंवा ऐकता ऐकता झोप लागली, तर इथे वाचा.

सुरुवात करू एका श्रोत्याच्या मेसेजपासून. तो लिहितो: "दादा, होस्टेलच्या रूममधून लॅपटॉपवर ऑनलाइन इंटरव्ह्यू दिला. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून, कानात ब्लूटूथ इअरबड्स. फोनवर रेंज फुल होती. तरी माझा आवाज तुटत होता. समोरच्या मॅडमनी तीनदा सांगितलं, नीट ऐकू येत नाहीये. पुढच्या राउंडचा फोन काही आला नाही. यात चूक कुणाची?"

मित्रा, तुझ्या रूममध्ये त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. टॉवरवर गर्दीही असू शकते. पण एक संशयित असा आहे, की ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. तो म्हणजे तुझा स्वतःचा फोन.

कसं ते बघू. तुमच्या फोनमध्ये एक नाही, अनेक रेडिओ असतात. टॉवरशी बोलणारा ४जी-५जीचा, वायफायचा, ब्लूटूथचा, शिवाय जीपीएस ऐकणारा वेगळा. आता त्यांचे पत्ते बघा. वायफाय आणि ब्लूटूथ दोघंही राहतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा वापरायला लायसन्स लागत नाही, म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात. आणि भारतात ४जीसाठी जोरात वापरला जाणारा एक पट्टा आहे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ. त्याला 'बँड ४०' म्हणतात. २०१० च्या लिलावात तो कंपन्यांना दिला गेला.

आकडे परत वाचा. एकाचं घर संपतं २४०० ला, दुसऱ्याचं सुरू होतं २४०० ला. चाळीतल्या दोन खोल्यांसारखं, मध्ये एकच भिंत!

बरं, शेजार असला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते आवाजाच्या फरकामुळे. ४जीवर फोन टॉवरला सिग्नल पाठवतो तेव्हा त्याची ताकद जास्तीत जास्त २०० मिलीवॅटपर्यंत जाते. ऐकू येणारा सिग्नल मात्र कधी कधी एका पिकोवॅटच्या आसपास असतो. म्हणजे स्वतःचं ओरडणं हे ऐकायच्या कुजबुजीपेक्षा वीस हजार कोटी पट मोठं! गणपतीत ढोल पथकात ताशा वाजवताना मागच्या माणसानं कानात फोन नंबर सांगितला, तर काय लिहून घ्याल? तसंच हे. ४जी बोलायला लागला की शेजारचा वायफाय बहिरा होतो, आणि वायफाय बोलायला लागला की ४जी.

मग इंजिनिअर लोक काय करतात? चार युक्त्या.

पहिली: अंतर. अँटेना फोनच्या वेगवेगळ्या कडांना बसवायच्या. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच साडेबारा सेंटीमीटर, जवळपास अख्ख्या फोनएवढी. त्यामुळे फोनमध्ये पळून पळून जाणार कुठे?

दुसरी: फिल्टर. खरी करामत इथे आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असा हा भाग विजेच्या सिग्नलचं रूपांतर एका पातळ थराच्या कंपनांत करतो. थराची जाडी अशी ठेवतात की हवी तीच फ्रिक्वेन्सी जोरात थरथरते आणि पुढे जाते, बाकीच्या अडतात. पण कुठलाच फिल्टर सुरीसारखा सरळ कापत नाही, त्याची कड थोडी उतरती असते. शेजारी दहा-वीस मेगाहर्ट्झवर असता तर जमलं असतं. इथे वायफायचा पहिला चॅनल २४०० ला जवळजवळ चिकटूनच सुरू होतो. म्हणून भिंत कितीही जाड केली तरी थोडा आवाज पलीकडे जातोच.

तिसरी: उडी मारणं. ही ब्लूटूथची खासियत. नेहमीचं ब्लूटूथ ७९ छोट्या चॅनलवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं. २००३ मधल्या १.२ आवृत्तीपासून त्याला अजून एक अक्कल आली: ज्या चॅनलवर वायफायचा गोंधळ आहे, ते यादीतून काढायचे आणि उरलेल्यांवरच उड्या मारायच्या.

चौथी: पाळी लावणं. लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच चिपवर असतात. ती चिप ठरवते, आता तू बोल, मग तो. ४जीच्या नियमांतही, 'रिलीज ११' पासून, फोन टॉवरला कळवू शकतो की ही फ्रिक्वेन्सी मला घरातच त्रास देतेय. मग टॉवर त्याला दुसऱ्या पट्ट्यावर हलवू शकतो, किंवा बोलण्यात मोकळ्या जागा ठेवू शकतो.

आता लक्षात येतंय का? पाळी म्हणजे थांबणं. मेसेज अर्धा सेकंद उशिरा गेला तर कुणाला कळत नाही. व्हिडिओ कॉलला मात्र थांबता येत नाही, तिथे आवाज तुटतो. आणि वरच्या रेंजच्या दांड्या फक्त टॉवरचा आवाज किती जोरात येतोय ते सांगतात. घरातल्या भांडणाचा त्यांना पत्ताच नसतो!

तर पुढच्या इंटरव्ह्यूच्या आधी एवढं करा.

एक, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा. आयफोन १२ किंवा नंतरचा असेल तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' बंद ठेवा. वायफाय त्या गजबजलेल्या चाळीतून बाहेर पडतो. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ कमी पोचतो, पण फोन टेबलावरच असेल तर चिंता नाही.

दोन, त्याहून भारी म्हणजे यूएसबी केबल लावून टेदरिंग. वायफायच मधून गेला.

तीन, इअरबड्सऐवजी वायरवाला इअरफोन. शंभर-दीडशे रुपयांचा चालेल.

चार, फोन खिडकीजवळ ठेवा. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोरात ओरडावं लागतं, आणि शेजाऱ्यांचे कान जास्त बसतात.

आणि मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, त्या मॅडमना एक साधा मेल टाक: त्या दिवशी आवाज नीट येत नव्हता, पुन्हा दहा मिनिटं मिळतील का? जास्तीत जास्त नाही म्हणतील. पण या वेळी केबल लावून बस.

पुढच्या भागात भेटू. तोवर प्रश्न पाठवत राहा!