निमंत्रण न आलेला खेळाडू

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे दर एप्रिल महिन्यात गोल्फची जी 'मास्टर्स' स्पर्धा भरते, तिच्यात केवळ नाव नोंदवून कोणासही उतरता येत नाही. क्लबाकडून निमंत्रण यावे लागते. यजमानाने कोणास बोलवावे हा यजमानाचा प्रश्न, असे म्हणून पुष्कळजण हा विषय तेथेच सोडून देतील. आमच्या मते तो तेथूनच सुरू होतो. चार्ली सिफर्ड ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने अमेरिकेतील पहिल्या प्रतीच्या दोन स्पर्धा जिंकल्या, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचे सर्वोच्च नागरी पदक स्वीकारले आणि ब्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगले. परंतु ऑगस्टाचे पत्र त्यांच्या दारी कधीही आले नाही. गोल्फ हा आमच्या बहुसंख्य वाचकांचा खेळ नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही आज पहिल्या पानावर आम्ही त्याविषयी लिहीत आहोत, ते ह्या न आलेल्या पत्रामुळे.

सिफर्ड यांचा जन्म २ जून १९२२ रोजी उत्तर कॅरोलिनातील शार्लट शहरी एका कष्टकरी कुटुंबात झाला. गोऱ्या सभासदांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर फिरणारा कॅडी म्हणून त्यांनी लहानपणीच काम धरले. दिवसाची मजुरी साठ सेंट; त्यांतील पन्नास आईच्या हातावर ठेवावयाचे आणि उरलेल्या दहांचे चिरूट घ्यावयाचे, असा क्रम असे. तो चिरूट पुढे जन्मभर त्यांच्या ओठांत राहिला. पिशवी वाहता वाहता खेळ अंगी आला आणि तेराव्या वर्षी हा मुलगा मैदानाला नेमून दिलेल्या फटक्यांत फेरी पुरी करू लागला. सतराव्या वर्षी त्याने शार्लट सोडले व फिलाडेल्फिया गाठले. तेथील कॉब्स क्रीक ह्या सार्वजनिक मैदानावर काळ्या माणसासही खेळता येत असे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात चाकरी झाली. ती आटोपल्यावर बिली एकस्टाइन ह्या प्रसिद्ध गायकाकडे त्यांनी नोकरी पत्करली. गोल्फ शिकवावयाचा आणि वरचे पडेल ते कामही करावयाचे. कृष्णवर्णीयांनी आपल्यापुरती एक वेगळी संघटना काढली होती. तिची राष्ट्रीय स्पर्धा सिफर्ड यांनी सहा वेळा जिंकली, त्यांपैकी पाच वेळा, १९५२ ते १९५६, लागोपाठ. बक्षिसे मात्र इतकी किरकोळ असत की, त्यांवर संसार चालणे कठीण.

मग ते मोठ्या स्पर्धांत का उतरले नाहीत? कारण अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या 'पी. जी. ए.' ह्या संघटनेच्या घटनेत १९३४ सालापासून एक कलम होते. सभासदत्व 'कॉकेशियन' वंशाच्या, म्हणजे गोऱ्या खेळाडूंपुरतेच राहील, असे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिले होते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी बेसबॉलच्या मोठ्या संघात प्रवेश केला, तेव्हाही गोल्फचे हे कलम जागच्या जागी होते. सिफर्ड यांनी ह्याच रॉबिन्सन यांना आपला मनोदय सांगितला, तेव्हा मैदान सोडून पळणाऱ्यांपैकी तर तुम्ही नव्हे ना, एवढेच त्यांनी विचारले. तसे असेल तर ह्या वाटेस न गेलेले बरे, असा त्या प्रश्नाचा रोख होता.

ह्या कलमाविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. ते निंद्य होते हे सांगण्यास अग्रलेखाची गरज नाही. परंतु ते लेखी होते, आणि लेखी अन्यायाशी झगडता येते. १९४८ साली बिल स्पिलर आणि टेड ऱ्होड्स ह्या दोघा कृष्णवर्णीय खेळाडूंनी लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत एवढी कामगिरी केली की, कॅलिफोर्नियातीलच रिचमंडच्या पुढील स्पर्धेत त्यांना आपोआप जागा मिळावयास हवी होती. ते तेथे गेले, सरावही केला, आणि मग तुम्ही सभासद नाही, म्हणून तुम्हांस खेळता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. दोघांनी न्यायालयाचे दार ठोठावले. यापुढे भेदभाव होणार नाही, असे आश्वासन संघटनेने दिले व दावा मागे घेण्यात आला. त्यानंतर काय झाले? ज्या स्पर्धा 'ओपन', म्हणजे सर्वांस खुल्या, म्हणून ओळखल्या जात, त्यांच्या नावास 'इन्व्हिटेशनल' हे शेपूट जोडण्यात आले. आता कोणास मनाई करावयाची नव्हती. केवळ बोलवावयाचे नव्हते.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. एखाद्या मुलास वर्गाबाहेर उभे केले, तर त्याचा बाप शाळेत येऊन जाब विचारू शकतो. परंतु ज्याच्याकडे पाहून गुरुजी कधी प्रश्नच विचारीत नाहीत, त्या मुलाच्या बापाने कोणती तक्रार करावी? पी. जी. ए.च्या कायदेपंडितांना हे मर्म चांगले उमगले होते.

१९५२ साली मुष्टियोद्धे जो लुई यांनी आपल्या कीर्तीचे सारे वजन खर्च केले, तेव्हा काही स्पर्धांची दारे किलकिली झाली. फीनिक्सच्या स्पर्धेत सिफर्ड, लुई, ऱ्होड्स आणि आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू अशा चौघांची तुकडी पाठविण्यात आली. पहिल्याच भोकातून निशाणाची काठी उचलली, तो आत मानवी विष्ठा भरून ठेवलेली. ते भोक बदलून मिळेपर्यंत चौघेजण ताटकळत उभे राहिले व मग खेळले. हे लिहिताना आमचीही लेखणी अडखळते. परंतु सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणून ज्याची ख्याती, त्याचा हाही इतिहास आहे.

१९६० साली संघटनेने सिफर्ड यांना स्पर्धांत खेळण्याचा परवाना दिला. कलम तसेच राहिले. पुढल्या एप्रिलमध्ये ते आपल्याच राज्यातील ग्रीन्सबरो येथे खेळावयास गेले. दक्षिणेत अशा स्पर्धेत कृष्णवर्णीयाने उतरण्याची ही पहिलीच वेळ. ज्या गावी वर्षभरापूर्वी चार विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या उपाहारगृहात ठिय्या देऊन साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते, ते हेच गाव. पहिल्या दिवशी सिफर्ड आघाडीवर राहिले. त्या रात्री त्यांना दूरध्वनीवरून जिवे मारण्याची धमकी आली. दुसऱ्या दिवशी गोऱ्या तरुणांचे एक टोळके शिव्यांचा भडिमार करीत भोकामागून भोक त्यांच्या पाठीस लागले. अखेर पोलिसांनी त्यांना हाकलले. गोल्फमध्ये शेजाऱ्याच्या खोकल्याने फटका चुकतो म्हणतात. अशा स्थितीत त्यांनी चौथा क्रमांक मिळविला. त्यांच्या साऱ्या कारकीर्दीत हा चौथा क्रमांक आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

कलम हलले ते खेळाडूंच्या सद्सद्विवेकबुद्धीने नव्हे. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत स्पिलर यांची कैफियत पोहोचली आणि असा भेदभाव करणाऱ्या संघटनेस आमच्या राज्यात स्पर्धा भरविता येणार नाही, असे त्यांनी बजावले. संघटनेने आपली १९६२ सालची अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिसहून उचलून पेनसिल्व्हानियात नेली. कलमापेक्षा गाव बदलणे तिला सोपे वाटले! परंतु दुसऱ्या राज्यांतही हाच प्रसंग येणार हे उमजून नोव्हेंबर १९६१ मध्ये तिने ते कलम काढून टाकले. सिफर्ड तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. ज्या वयात गोल्फपटूचा हात सर्वांत चांगला चालतो, ती वर्षे सरत आली होती.

उरलेल्या बळावर त्यांनी जे मिळविले ते असे: १९६७ साली शेवटच्या दिवशी ६४ फटक्यांची फेरी करून हार्टफर्डची स्पर्धा जिंकली, १९६९ साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या हॅरॉल्ड हेनिंग यांच्याशी बरोबरी झाली व जादा खेळाच्या पहिल्याच भोकावर विजय मिळविला. वय सेहेचाळीस.

दोन्ही विजयांनंतर ऑगस्टाकडे डोळे लागले. सिफर्ड आमच्या ठरलेल्या कसोट्यांत बसत नाहीत, असे क्लबाचे म्हणणे होते. आणि न्यायाने बोलावयाचे तर, स्पर्धा जिंकणाऱ्यास आपोआप प्रवेश देण्याचा नियम त्या काळी नव्हता, तो १९७२ साली आला. परंतु परदेशी खेळाडूंना क्लब आपल्या मर्जीने बोलावीत असे, आणि माजी विजेत्यांनाही मत देऊन एका खेळाडूस बोलाविता येत असे. म्हणजे नियमाबाहेरची दारे होती. ती ह्या एका माणसासाठी उघडली नाहीत इतकेच. त्याच मैदानावर गोऱ्या खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे सारे कॅडी मात्र कृष्णवर्णीय असत. १९७५ साली ली एल्डर हे मास्टर्समध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले, तेव्हा सिफर्ड बावन्न वर्षांचे होते. पी. जी. ए.चे लेखी कलम १९६१ साली गेले. ऑगस्टाच्या क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आला, आणि तोही बर्मिंगहॅमच्या एका क्लबाच्या संस्थापकाने आम्ही काळ्यांना घेत नाही असे उघड बोलून साऱ्या देशात गहजब उडविल्यानंतर. मधली एकोणतीस वर्षे निमंत्रणाची होती.

सिफर्ड हे गोड बोलणारे नव्हते. मनातील कडवटपणा त्यांनी लपविला नाही, आणि १९९२ साली लिहिलेल्या आत्मचरित्रास 'मला नुसते खेळू द्या' ह्या अर्थाचे नाव दिले. सोसणाऱ्याने हसतमुखाने सोसावे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. ती त्यांनी पुरी केली नाही, ह्याबद्दल आम्हांस त्यांचा आदरच वाटतो.

मानसन्मान आले ते उतारवयात. २००४ साली जागतिक गोल्फच्या सन्मानदालनात प्रवेश झाला. तेथे जाणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. २००६ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने डॉक्टरेट दिली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी पदक त्यांच्या गळ्यात घातले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, क्लीव्हलंड येथे त्यांचे निधन झाले. १९९७ साली एकविसाव्या वर्षी ऑगस्टा जिंकणाऱ्या टायगर वुड्स यांनी त्या विजयाच्या क्षणी सिफर्ड, एल्डर व ऱ्होड्स यांचे स्मरण केले होते. पुढे आपल्या मुलाचे नावही त्यांनी चार्ली ठेवले.

सिफर्ड यांनी १९६९ साली जिंकलेली लॉस एंजेलिसची स्पर्धा आजही भरते. तिच्या नावात आता 'इन्व्हिटेशनल' हा शब्द आहे. २००९ सालापासून तेथे एक जागा सिफर्ड यांच्या नावाने राखून ठेवलेली असते, आणि ज्या समाजांतील मुलांस ह्या खेळात वाव मिळाला नाही, त्यांच्यातील एका खेळाडूस तिच्यासाठी दरवर्षी निमंत्रण जाते.