मंदावलेल्या संगणकाची गती
संगणक मंदावला म्हणजे तो जीर्णच झाला, असा समज रूढ आहे. परंतु पुष्कळदा अपुरी पडलेली असते ती त्याची स्मृती. स्मृती हे कारकुनाचे मेज मानले, तर हार्ड डिस्क ही दूरची कोठी होय. मेज भरले की लिनक्स प्रणाली काही दप्तर कोठीत हलविते आणि या येरझाऱ्यांतच वेळ जातो. या प्रवृत्तीचा 'स्वॅपिनेस' हा अंक सामान्यतः ६० असतो. तो उतरविता येतो. खरा उपाय मात्र मेज मोकळे ठेवण्याचा. आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावल्या बंद कराव्यात व एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप योजावा. सी-डॅकने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या 'बॉस' लिनक्सलाही हे लागू पडते. येलहंक्यातील एखाद्या शाळेचे जुने यंत्र भंगारात जाण्यापूर्वी एवढे अवश्य करून पाहावे.