अंगावरचा तारपा

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, डहाणूच्या नाहीतर तलासरीच्या रस्त्याकडेला उभं राहावं आणि पोरांचे कपडे बघावेत. खाली जीन, वर मांडीच्या निम्म्यावर संपणारा आखूड कुर्ता. रंग बहुधा गेरूचा किंवा काळा. त्यावर पांढऱ्या रेघांची माणसं हातात हात गुंफून नाचताहेत. पावसाने कुर्ता पाठीला चिकटलेला असतो, पण नाच काही थांबत नाही, अंगातला नाही आणि अंगावरचाही नाही.

आखूड कपडा या मुलखाला नवा नाही. लावणीच्या चिखलात उतरणाऱ्याला आणि ताडावर चढणाऱ्याला लांब घोळ कसा परवडेल? जुना वारली पुरुष लंगोटी, कमरेला करगोटा, डोक्याला फडकं आणि मिळाली तर अंगात बंडी एवढ्यावर असे. त्यात कामाची सोय होती, तशी नागवणूकही होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचललेला माणूस त्याचा ‘लग्नगडी’ होई आणि बायकोसकट त्याच्या शेतावर राबत राही. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि वेठ करायची नाही असं तिथे ठरलं. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा लिहून ठेवला आहे. वेठ आणि लग्नगडी या लढ्यानेच मोडले. इथल्या मांडवात नव्या कुर्त्यातला नवरदेव दिसला की मला झरीची आठवण होते. याच्या पणज्याच्या पिढीत लग्न म्हणजे गहाण पडणं होतं.

गुजरातच्या या सरहद्दीवर कपड्यांच्या नावांचीही सरमिसळ आहे. आपण झब्बा म्हणतो, पलीकडे झभ्भो म्हणतात. नवरात्रात गुजरातेतून आलेलं घेरदार, आखूड केडियुं गरब्यात गिरक्या घेतं. घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्यांतले पारशी-इराणी शर्टाच्या आत पांढऱ्या मलमलीचा सुदरा घालतात. त्याच्या गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, पुण्यकर्मांची थैली म्हणून. बाहेरून तो कुणाला दिसतही नाही. मला तो खिसा फार आवडतो.

आता कुर्त्याच्या बेताकडे येऊ. मध्यम उंचीच्या माणसाला खांद्यापासून ३० ते ३२ इंच लांबी पुरते. हात मोकळे सोडून उभं राहिलं की कुर्त्याची कड मनगट आणि बोटांची टोकं यांच्या मधे यायला हवी. त्याच्या वर गेली तर तो बिनकॉलरचा शर्ट होतो. खाली गेली तर जीनवर ओघळल्यासारखा दिसतो, मग त्याखाली पायजमाच घालावा. बाजूची फाट चार-पाच इंच असावी, नाहीतर मांडी घालून बसताना शिवण ताणते. आणि शिंप्याला आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा. तयार कुर्त्यांत कापड वाचवायला तो बहुतेक वेळा गाळलेला असतो. २०१३पासून विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. त्या गर्दीत वरची कडी धरायला हात उचलला की हा तुकडा नसलेला कुर्ता पोटापर्यंत वर चढतो. तुकडा असला की हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. एवढ्याशा कापडाने दिवसभराचा त्रास वाचतो.

किनाऱ्याची हवा दमट, म्हणून रोजच्याला सुती कापडच घ्यावं. उन्हाळ्यात मलमल किंवा पातळ खादी, एरवी जरा जाडसर सूत. कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावं. ते आटायचं असेल तर शिंप्याकडे जायच्या आधीच आटेल. कामावर फिकट, एकरंगी कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली गडद सुती पँट आणि साध्या चामड्याच्या चपला, एवढं पुष्कळ झालं. बोईसरच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्यांनी मात्र तो सुट्टीसाठी ठेवावा. फिरत्या पट्ट्याजवळ सैल कपडा नको.

चित्राचा कुर्ता घ्यायचा तर ते चित्र कुठून आलं ते माहीत असलेलं बरं. वारली लग्नात घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, शेजारी पंचशिऱ्या देव असतो आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी ही चित्रं कागदावर आणवली. मग गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ रोजी ते गेले. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि मातीत रेघा ओढून सांगत असत. त्या रेघा आज माझ्या-तुमच्या छातीवर आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लग्नाचा चौक भिंतीवरच राहू द्यावा. पालघट देवीला दुचाकीच्या सीटवर बसवू नये, जेवताना तिच्यावर रस्सा सांडू नये. कुर्त्यावर तारपा घ्यावा, भातकापणी घ्यावी, ताडावर चढणारा गडी घ्यावा. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचा तारपा मधे वाजतो आणि नाचणारे त्याच्याभोवती वळत जातात. हा गोल कुर्त्याच्या खालच्या कडेने फिरवला तर चालताना कापडाबरोबर माणसंही हलतात. छातीवर चित्र असेल तर पाठ मोकळी ठेवावी. दोन्हीकडे दाटी केली की रेघ गुदमरते.

हाताने काढलेलं ओळखायला सोपं असतं. दोन त्रिकोणांच्या त्या माणसांत एक जरा जाड निघतो, एकाचा हात लांबतो, रेघ सुरुवातीला भरीव आणि शेवटाला बारीक होते. छापील कापडात तोच माणूस तेवढ्याच अंतरावर पुन्हा पुन्हा येतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात बाहेरून आलेला छापील माल भरपूर आहे. दोन-तीन दिवस मान मोडून बसणाऱ्याला छापील कुर्त्याच्या भावात काम करायला सांगू नये. घासाघीस करायचीच असेल तर ती दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूवर करावी.

सणाचं म्हणाल तर वाघबारशीला, दिवाळीत, गडद कापडावर पांढरं चित्र संध्याकाळच्या उजेडात सुरेख उठून दिसतं. त्यावर जाकीट घालू नये, नाहीतर चित्र झाकलं जातं. जाकीट घालायचं तर एकरंगी कुर्त्यावर. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते, तेव्हा ऊन भाजून काढतं, म्हणून तिथे पातळ, फिकट आणि अर्ध्या बाह्यांचा कुर्ता बरा. हळदीला जुना पिवळा कुर्ता काढावा. चित्राचा कुर्ता हळदीत नेला तर पांढरी माणसं पिवळी होऊन परततात आणि ती पुन्हा पांढरी होत नाहीत.

माझा पहिला चित्राचा कुर्ता मीच घालवला. गरम पाण्यात भिजवला, पिळला, उन्हात टाकला. चौथ्या धुण्याला तारपा वाजवणाऱ्याचे पाय गेले. आता रंग वाळला की दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवतो, म्हणजे तो सुतात बसतो. धुताना गार पाणी, हातानेच, न पिळता. मग कुर्ता उलटा करून सावलीत दोरीवर टाकतो. नाचणारे आतल्या अंगाला, एकमेकांकडे तोंड करून वाळत राहतात.