वाय-फाय सारखे तुटते, दोष कुणाचा?

शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून झालेला असतो, दाखले अपलोड होत असतात आणि नेमके तेव्हाच लॅपटॉपचे वाय-फाय जाते. दोन मिनिटांनी ते परत येते, पण अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. मग घरात एकच निकाल लागतो: कंपनी बदला, नाहीतर नवा राऊटर आणा. हा खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावे. त्याला पंधरा मिनिटे पुरतात.

वाय-फाय तुटताच त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर अम्मींचा किंवा भाईजानचा मोबाईल चालतो का ते बघा. त्याआधी मोबाईल डेटा बंद करायला विसरू नका. नाहीतर मोबाईल गुपचूप सिमकार्डाच्या इंटरनेटवर चालतो आणि आपली फसगत होते. मोबाईलही अडला, तर लॅपटॉप निर्दोष. फायबरची लाईन असेल आणि राऊटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही; तक्रार नोंदवा, घरात खटपट करू नका.

राऊटरजवळ बसल्यावर सगळे ठीक आणि आतल्या खोलीत गडबड, असे असेल तर प्रश्न भिंतींचा आहे. आपल्याकडे राऊटर बहुधा टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी कोंबलेला असतो. धातू लहरी अडवतो. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी, घराच्या मधोमध ठेवा. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असते, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावते. २.४ चे दूर पोचते, मात्र शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दीही तिथेच होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, म्हणून स्वयंपाकघराजवळ बसणाऱ्यांनी तिकडे लक्ष ठेवावे.

मोबाईल सुरळीत आणि लॅपटॉपच अडतो, तेव्हा माझा पहिला संशय वीजबचतीवर असतो. विंडोज बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फायचे उपकरण झोपवू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स’खाली वाय-फायच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसत नाही. तेव्हा लॅपटॉप चार्जरला लावून फरक पडतो का ते पाहा. नाहीच जमले, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर दुरुस्त करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर बोटही ठेवू नका. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी करा, कारण त्यात साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात.

आणि अर्जाची शेवटची तारीख आजच असेल, तर हे सगळे उद्यावर टाका. राऊटर ते लॅपटॉप सरळ लॅन केबल जोडा. लॅपटॉपला तसे भोक नसेल, तर मोबाईल यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा आणि अर्ज पाठवून मोकळे व्हा.